पथकात मैत्री बिघडली की ठेका पळतो : या चुका टाळा

पावसाळा लागला की पुण्यात नदीपात्रात आणि शाळांच्या मैदानांवर ढोल-ताशाचे सराव सुरू होतात. आठवी ते दहावीच्या मुलामुलींचा सराव मी काही वर्षं घेते आहे. ठेका पळायला लागला की सगळे आधी वाजवणाऱ्यांचे हात तपासतात. मी हल्ली आधी कोण कोणाच्या शेजारी उभं आहे ते बघते.

जिवलग मैत्रिणींना शेजारीशेजारीच उभं राहायचं असतं आणि आपण तो हट्ट पुरवतो. ढोलवाल्यांचे कान ताशाकडे हवेत. या दोघी एकमेकींकडे बघून वाजवतात. एकीनं टिपरू जोरात मारलं की दुसरी त्याहून जोरात मारते, आणि बघता बघता अख्खी रांग ताशाच्या पुढे पळते. यावर दर दोन सरावांनी रांगा बदला, पण सगळ्यांच्याच बदला. फक्त त्या दोघींना वेगळं केलं तर ती शिक्षा वाटते आणि रुसवा आठवडाभर पुरतो.

याहून अवघड दुखणं कानाला ऐकूच येत नाही. एका मुलीचा हात हलका होता, म्हणून तिला ताशा दिला. मैत्रीण ढोलावरच राहिली. "तू ताशावर गेलीस तर आपलं संपलं," असं ती हिला म्हणाली होती, हे मला फार उशिरा कळलं. चार दिवसांनी मुलगी माझ्याकडे आली. "ताई, मनगट दुखतंय, मला ढोलच द्या." मी दिला. मनगट दाखव, एवढंही म्हटलं नाही, ती माझी चूक. पुढच्या वर्षी ती पथकात आलीच नाही. आता कुणी अचानक वाद्य बदलून मागितलं की मी तिला बाजूला घेते आणि कुणी काही बोललं का, असं थेट विचारते.

मुलींनो, चूक मैत्रिणीची आणि बोलणी तुम्ही खाताय, तिचा ढोल रोज तुम्हीच आवळताय, टेम्पोत तुम्हीच चढवताय, वर सगळ्यांसमोर नक्कल आणि "मस्करी कळत नाही का?" असं एखाद्या दिवशी चालून जातं. रोजचंच झालं तर ती मैत्री नव्हे. मात्र "तुझा तिसरा हात (म्हणजे तिसरा ठेका) कच्चा आहे, उद्या लवकर ये, मीही येते" असं तोंडावर सांगणारी मैत्रीण सोडू नका.

कोण वाजवणार याच्या यादीचं काम मित्रांच्या कंपूवर सोपवणं ही आमची सगळ्यात महागात पडलेली चूक. 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं एका पथकात 30 जणांचीच मर्यादा घातली. 12 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली, पण तोवर आमच्या मुलांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नावं कापायला सुरुवात केली होती. हाताकडे कुणी पाहत नव्हतं, कोण कुणाचं एवढंच चाललं होतं. ती यादी कधी लागलीच नाही, तरी आपलं नाव कुणी कापलं हे पोरं विसरली नाहीत. तेव्हापासून निवड सराव घेणारेच करतात. हजेरी आणि हात हे दोनच निकष, तेही पहिल्याच दिवशी सांगितलेले. ज्याला घेतलं नाही त्याला समोर बसवून कारण सांगतो.

मैत्रिणीपायी पथक सोडायच्या आधी रांग बदलून मागा. दादा-ताईंना सांगणं ही चहाडी नाही. सराव संपल्यावर ढोल झाकून होईपर्यंत मी थांबलेली असते. बहुतेक जणी तेव्हाच बोलतात.