पिशवीचं तोंड उघडण्याची घाई: बाळंतपणाआधीच्या या चुका टाळा

नववा महिना लागला की तपासणीहून परतलेल्या बाईला घरातला प्रत्येक जण एकच विचारतो, “तोंड उघडलं का?” “एक बोट उघडलंय” म्हटलं की बॅग दाराशी येते. “बंद आहे” म्हटलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात. दोन्ही वेळा चूक होते, आणि पुढच्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात.

हे तोंड, म्हणजे गर्भाशयाचं मुख, उघडतं ते सगळ्यात शेवटी. गरोदरपणाचा बराच काळ ते साधारण ३ ते ४ सेंटिमीटर लांब आणि घट्ट मिटलेलं असतं. कोलॅजनच्या तंतूंमुळे त्याला हा घट्टपणा येतो. शेवटच्या काही आठवड्यांत प्रोस्टाग्लँडिनसारख्या रसायनांच्या प्रभावाने हे तंतू सैल होतात, त्यांच्यामध्ये पाणी धरलं जातं आणि मुख मऊ पडू लागतं. आधी तपासणाऱ्याच्या बोटाला ते नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं, मऊ झाल्यावर ओठासारखं. मग मागे वळलेलं मुख पुढे येतं, आखूड होतं, कागदासारखं पातळ होत जातं. पहिलटकरणीत बहुधा आधी पातळ होणं आणि मग उघडणं असा क्रम असतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दोन्ही बरोबर चालतं, आणि कळा नसतानाही मुख २ सेंटिमीटर उघडं राहून दिवसच्या दिवस जाऊ शकतात. उलट सकाळी बंद असलेलं मुख दुसऱ्या दिवशी पूर्ण उघडल्याचीही उदाहरणं असतात.

फक्त सेंटिमीटर विचारू नका

एडवर्ड बिशप या डॉक्टरांनी १९६४ मध्ये एक गुणपद्धत मांडली. ती आजही जगभर वापरतात. तिच्यात पाच गोष्टींना गुण असतात: मुख किती उघडलंय, किती पातळ झालंय, किती मऊ आहे, पुढे आलंय की मागेच आहे, आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलंय. एकूण गुण १३. आठ किंवा जास्त असतील तर कळा आणण्याचे प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता चांगली. सहा किंवा कमी असतील तर मुख अजून तयार नाही, आधी ते मऊ करावं लागेल. तेव्हा डॉक्टरांना विचारायचंच असेल तर “बिशप स्कोअर किती आला?” असं विचारा. “किती उघडलं” यापेक्षा या उत्तरातून कितीतरी जास्त कळतं.

मुख तयार नसताना कळांच्या इंजेक्शनचा आग्रह

“दिवस भरले, सलाईन लावून मोकळं करा,” असा आग्रह नातेवाईक धरतात. सलाईनमधून देतात ते ऑक्सिटोसिन गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतं, पण टणक मुख मऊ करण्यात ते कमकुवत आहे. अशा वेळी बाई तासन्‌तास कळा सोसते, मुख जागचं हलत नाही, आणि शेवटी सिझेरियनवर येऊन थांबतं. म्हणून आधी मुखाची तयारी करतात: प्रोस्टाग्लँडिनचं जेल, मिसोप्रोस्टॉलची गोळी, नाहीतर फोलीचा फुगा.

या फुग्याबद्दल घरच्यांच्या मनात फार भीती असते, म्हणून जरा नीट सांगते. एक बारीक रबरी नळी मुखातून आत सरकवतात, तिच्या टोकाचा फुगा ३० ते ६० मिलिलिटर निर्जंतुक पाण्याने भरतात आणि नळी हलक्या ताणाने मांडीला चिकटवतात. फुगा आतून मुखावर दाब देत राहतो आणि मुख स्वतःची प्रोस्टाग्लँडिन्स तयार करू लागतं. मुख साधारण ३ सेंटिमीटर उघडलं की फुगा आपोआप बाहेर पडतो. तो पडला म्हणून घाबरून आरडाओरडा होतो, पण काम झाल्याचीच ती खूण. नर्सला सांगा, एवढंच. मधेच नळी ओढून बघू नका.

जेल, गोळी किंवा फुगा, या सगळ्यांना वेळ लागतो. कधी पूर्ण दिवस जातो. सकाळी जेल लावलं आणि दुपारपर्यंत काही नाही, म्हणजे उपाय फसला असं नव्हे. फुग्यानंतर ऑक्सिटोसिन सुरू करून आणि पाण्याची पिशवी फोडूनही, आई आणि बाळ ठीक असतील तर, प्रयत्न फसला असं म्हणण्याआधी किमान १२ ते १८ तास वाट बघण्याची शिफारस आहे.

गोळी स्वतःहून घेणं

ही चूक जिवावर बेतू शकते. कळा आणण्यासाठी मिसोप्रोस्टॉलचा डोस २५ मायक्रोग्रॅम इतका कमी असतो. बऱ्याचदा मिळणारी गोळी २०० मायक्रोग्रॅमची असते, म्हणजे आठ पट. ती घरी चाकूने तोडून बरोबर आठवा भाग काढता येत नाही. डोस जास्त झाला तर कळांमध्ये उसंत राहत नाही, बाळाला मिळणारा प्राणवायू कमी पडतो आणि गर्भाशय फाटू शकतं. आधी सिझेरियन झालेलं असेल तर शेवटच्या तिमाहीत कळा आणायला ही गोळी वापरूच नये, रुग्णालयातसुद्धा. म्हणून जुन्या सिझेरियनचे कागद नवीन डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवा.

एरंडेलाचंही तसंच. त्याने आतड्यांना पीळ पडतो, जुलाब होतात, उलट्या होतात, अंगातलं पाणी जातं, आणि बाई बाळंतपणाच्या आधीच गळून जाते. स्तनाग्रं चोळल्याने शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं हे खरं आहे, पण त्यामुळे कळा अतिजोरात येऊ शकतात. जोखमीच्या गरोदरपणात तर हा प्रयोग घरी नकोच. चालणं चांगलं. पण मुख उघडावं म्हणून दमेपर्यंत चालू नका.

सुरुवातीच्या कळांतच सगळी ताकद घालवणं

पहिल्या खेपेला मुख ५ सेंटिमीटरपर्यंत यायला फार वेळ लागू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की कळांचा वेगवान टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरावा आणि “दर तासाला एक सेंटिमीटर” हा जुना नियम सरसकट लावू नये. तरीही रात्री पहिली कळ आली की कोणी झोपत नाही, बाईलाही झोपू देत नाहीत. दिवस भरलेले असतील, कळा सौम्य आणि दूर दूर असतील आणि सगळं ठीक असेल तर तिला खाऊ-पिऊ द्या, कुशीवर पडू द्या, अंधारात डुलकी घेऊ द्या. चिकट, किंचित रक्ताळलेला स्राव गेला तर मुख हलायला लागलं असा अर्थ. त्यानंतर कळा सुरू व्हायला कधी तास लागतात, कधी दिवस.

घरी थांबायचं नाही असे प्रसंग वेगळे: पाणी गेलं, विशेषतः ते हिरवट किंवा तपकिरी असेल, पाळीसारखा लाल रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी वाटणं, डोकं सारखं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, किंवा ३७ आठवडे भरण्याआधीच नियमित कळा. अशा वेळी कळा मोजत बसू नका, थेट निघा.

पूर्ण उघडण्याआधी जोर लावणं

कळांच्या शेवटी गुदद्वारावर दाब येतो आणि जोर करावासा वाटतो. आजूबाजूचे “जोर लाव, जोर लाव” म्हणायला लागतात. मुखाची कडा अजून शिल्लक असेल तर ती डोक्याखाली चेपून सुजू शकते आणि कमी होत आलेली कडा पुन्हा जाड होते. अशा वेळी कुशीवर वळायचं, किंवा गुडघे आणि छाती टेकून कंबर उंच ठेवायची, आणि कळ येईल तेव्हा छोटे छोटे श्वास फुंकत सोडायचे. मुख १० सेंटिमीटर झालंय हे तपासणाऱ्या व्यक्तीने सांगेपर्यंत जवळच्या माणसाने जोर लावायला सांगू नये. तिच्याबरोबर श्वास घ्यावा.