ॲक्सेसची जड फाईल फोडताना नोंदी बदलण्याजोग्या कशा ठेवायच्या

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रामच्या एका फाईलला २ जीबीची मर्यादा आहे. फाईल दीड जीबीच्या पुढे गेली की मी ती फोडायला घेते. शेवटच्या क्षणाची वाट पाहत नाही. त्याआधी बॅकअप घेते आणि मूळ फाईलवर कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवते. खोडलेल्या रेकॉर्डची जागा त्याशिवाय मोकळी होत नाही, आणि कधीकधी तेवढ्यावरच काम भागतं.

फोडायचीच असेल तर टेबलं वेगळी करा, एका टेबलाच्या ओळी नव्हे. बरेच जण वर्षवार फाइली करतात आणि सगळं एकत्र दिसावं म्हणून युनियन क्वेरी (अनेक टेबलांच्या ओळी एकाखाली एक दाखवणारी क्वेरी) लिहितात. दिसतं सगळं छान, पण त्यात एक अक्षरही बदलता येत नाही. फॉर्मवर कर्सर ठेवून टाईप करा, काही उमटत नाही. नवीन रेकॉर्डचं बटण मंद पडलेलं असतं. युनियन क्वेरी वाचण्यापुरतीच असते, फॉर्मच्या सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी.

म्हणून आधी बाहेर काढा ती एकटी, दुसऱ्या टेबलांशी नातं नसलेली टेबलं: बदलांची लॉग, आयात केलेला कच्चा डेटा. नवी रिकामी फाईल उघडून तिथे टेबल इम्पोर्ट करा. मेक-टेबल क्वेरी (निकालातून नवं टेबल बनवणारी) वापरू नका; तिच्यातून प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) आणि इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) येत नाहीत, आणि पुढे जोडणीच्या क्वेरी अडून बसतात. मग जुन्या फाईलमधलं टेबल काढून नव्या फाईलमधलं टेबल त्याच नावाने लिंक करा. फॉर्म आणि क्वेरींना फरक कळत नाही, लिंक केलेल्या टेबलात नोंदी पूर्वीसारख्याच बदलता येतात.

ऑर्डर आणि ऑर्डरमधल्या वस्तू मात्र एकाच फाईलमध्ये राहू द्या. दोन फाइलींमध्ये रेफरन्शियल इंटिग्रिटी (टेबलांमधल्या नोंदींचं नातं तुटू न देणारा नियम) लागू करता येत नाही; ऑर्डर खोडली तरी तिच्या वस्तू अनाथ होऊन मागे राहतील आणि ॲक्सेस हूं की चूं करणार नाही.

फोटोंमुळे टेबल फुगलं असेल तर ते उभं कापा. मुख्य टेबलात नाव, तारीख, रक्कम. दुसऱ्या फाईलमध्ये तोच आयडी प्रायमरी की म्हणून आणि शेजारी फोटो. दोन्ही बाजूंना प्रायमरी की असली की त्यांना जोडणारी क्वेरी बदलण्याजोगी राहते. मला तर फोटो फोल्डरमध्ये ठेवून टेबलात फक्त पाथ लिहिणं जास्त पटतं.

तरीही वर्षं वेगळी करावीच लागली, तर नव्या नोंदी फक्त चालू फाईलमध्ये जाऊ द्या, म्हणजे ऑटोनंबर (ॲक्सेसने आपोआप दिलेले क्रमांक) एकमेकांवर आदळत नाहीत. अपेंड क्वेरीने (एका टेबलातल्या ओळी दुसऱ्यात भरणाऱ्या) जुन्या ओळी त्यांच्या वर्षाच्या फाईलमध्ये घाला, दोन्हीकडची संख्या जुळवून पाहा, मगच मूळच्या खोडा. युनियन क्वेरी अहवाल आणि शोधासाठी ठेवा. दुरुस्तीच्या फॉर्मवर वर्षाचा कॉम्बो बॉक्स द्या आणि निवडीनुसार फॉर्मची रेकॉर्डसोर्स प्रॉपर्टी (फॉर्म डेटा कुठून घेतो ते सांगणारी) त्या वर्षाच्या लिंक टेबलावर वळवा. वापरणाऱ्याला एक क्लिक जास्त पडते, पण नोंद खरोखर बदलते.

फ्रंटएंड, म्हणजे फॉर्म आणि क्वेरी असलेली फाईल, कॉम्पॅक्ट केल्याने लिंक केलेल्या फाइली कॉम्पॅक्ट होत नाहीत. सगळ्यांना बाहेर पडायला सांगून प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे करावी लागते. फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्यात तर लिंक्ड टेबल मॅनेजरमधून नवी जागा दाखवा.