इंडक्शन घेताय? आधी घरातला प्लग आणि पातेली तपासा

आमच्या घरातलं पहिलं इंडक्शन मी दुकानात दहा मिनिटांत पसंत केलं आणि घरी आणून मिक्सरच्या प्लगला लावायला गेले. त्याची पिन जाडी, ती काही बसेना. मग खणातून एक पिन बदलायचा जोड शोधून काढला आणि मध्ये घातला. चहा झाला, कौतुकही झालं. तिसऱ्या दिवशी कुकर लावला, आणि दुसरी शिट्टी व्हायच्या आत जळक्या प्लास्टिकचा वास आला. जोड काढायला गेले तर तो सॉकेटला चिकटून बसलेला, कडेनं तपकिरी पडलेला. इंडक्शनला काहीही झालं नव्हतं. आधी घर बघायचं असतं आणि मग दुकान, ते मी उलटं केलं होतं.

म्हणून हा लेख ओट्यापासून सुरू होतो.

प्लग, वायर आणि मंजूर भार

इंडक्शनच्या खालच्या बाजूला त्याचे वॅट लिहिलेले असतात. २००० वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढतं. मिक्सरचा छोटा प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे फार तर १३८० वॅटचा. मोठ्या भोकांचा पॉवर पॉइंट १६ अँपिअरचा असतो; बरेच वायरमन त्याला अजून ‘पंधराचा’ म्हणतात. इंडक्शन तिथेच लावायचं. जोड नको, एक्स्टेंशन बोर्ड नको.

सॉकेट मोठं दिसलं म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. जुन्या इमारतींत पुढे मोठं सॉकेट आणि मागे दिव्यापंख्याची बारीक वायर असा प्रकार सापडतो. वायरमनला सॉकेट उघडून दाखवायला सांगा. आत तांब्याची निदान २.५ चौरस मिलिमीटरची वायर हवी, ४ ची असली तर उत्तम, आणि अर्थिंग नुसतं जोडलेलं नाही तर चालू हवं. त्याच वायरवर फ्रीज किंवा ओव्हन आहे का, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

मग वीजबिल काढा आणि त्यावरचा ‘मंजूर भार’, म्हणजे तुमच्या घराला एका वेळी ओढायला मंजूर असलेली वीज, बघा. तिथे १ किलोवॅट लिहिलं असेल आणि सकाळी गीझर, इस्त्री, इंडक्शन एकदम चालणार असेल, तर भार वाढवून घेण्याचा अर्ज आधी करा. इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका. दिवे-पंखे चालवणारा घरगुती इन्व्हर्टर इंडक्शन पेलत नाही.

भाड्याचं घर आहे, नवा पॉइंट काढता येत नाही, अशी अडचण असेल तर १२०० वॅटचं छोटं इंडक्शन घ्या. चहा, दूध, अंडी, दोघांचा भात त्यावर निवांत होतो. २००० वॅटचं घेऊन भीतभीत कमी आचेवर चालवण्यापेक्षा ते बरं.

आता लोहचुंबक घ्या

फ्रीजच्या दारावरचा एखादा लोहचुंबक काढा आणि घरातल्या प्रत्येक भांड्याच्या तळाला लावा. घट्ट चिकटला तर भांडं चालेल. जेमतेम चिकटून घसरला तर ते तापेल, पण रडतखडत. चिकटलाच नाही तर विषय संपला.

असं का, ते समजून घेतलं की पुढची निवड सोपी होते. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या लोखंडी तळात विजेचे भोवरे उठतात आणि तळ स्वतःच तापतो. काच तापते ती वर ठेवलेल्या भांड्यामुळे. पितळ, तांबं, अॅल्युमिनियम यांच्या बाबतीत हे घडत नाही. स्टीलमध्येही भेद आहेत. ज्याला भांडेवाले ३०४ म्हणतात ते महागडं स्टील चुंबकाला दाद देत नाही, आणि साधं ४३० पटकन धरतं. त्यामुळे लग्नात आलेला भारी टोप नापास आणि जत्रेत घेतलेलं पातेलं पास, असे निकाल लागतात. आमच्याकडे तसेच लागले.

चुंबकानंतर तळाचा सपाटपणा. भांडं उलटं करा आणि तळावर शाळेतली पट्टी आडवी ठेवा. मध्ये फट दिसली किंवा पट्टी डुलली तर ते भांडं काचेवर नीट बसणार नाही. गोल बुडाची कढई आणि खोलगट तवा इथेच बाद होतात. बिडाचा सपाट तवा फार छान चालतो, फक्त तो काचेवर सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा. खरखरीत बूड काचेवर ओरखडे काढतं. आणि रिकामा तवा एकदम पूर्ण आचेवर ठेवायचा नाही. गॅसच्या सवयीनं आपण तवा तापत ठेवून कणकेकडे वळतो. इंडक्शनवर तेवढ्या वेळात पातळ तवा वाकतो.

फोडणीची पळी हा वेगळाच त्रास. ती लोखंडी असली तरी तिचं बूड इतकं लहान असतं की यंत्राला वर भांडं आहे हेच कळत नाही. ते टुंटुं करत बंद पडतं. बहुतेक इंडक्शनना साधारण १२ सेंटिमीटर व्यासाचा तळ तरी लागतो. छोटं सपाट कढलं घ्यावं लागेल किंवा फोडणी गॅसवरच.

नापास भांड्यांची रास मोठी असेल आणि ती बदलायची नसतील, तर इन्फ्रारेड शेगडीचा विचार करा; तिच्यात भांड्याऐवजी काचेखालची तार लाल होऊन तापते. तिच्यावर पितळी पातेलंसुद्धा चालतं, जाळी ठेवून पापडही भाजता येतो. पण ती सावकाश तापते आणि बंद केल्यावर बराच वेळ चटका देते. घरात लहान मूल असेल तर मी ती घेणार नाही.

गॅस काढून टाकायचा का?

नाही. निदान मराठी स्वयंपाकघरात तरी एक बर्नर ठेवाच. भरताचं वांगं, जाळावर टम्म फुगणारा फुलका, तव्यावरून काढून आचेवर धरलेली भाकरी, ही जाळाची कामं आहेत. इंडक्शनला जाळच नाही. एक आठवडा कागद फ्रीजला चिकटवून ठेवा आणि दिवसभरात शेगडीवर काय काय चढतं ते लिहा. आमच्या कागदावर निम्म्याहून जास्त नोंदी चहा, दूध, कुकर, गरम पाणी आणि सकाळची भाजी तापवणं अशा निघाल्या. एवढ्यासाठी एका भांड्याचं सुटं यंत्र पुरतं. दोन भांड्यांचं सुटं यंत्र घेताना एक विचारायचं: दोन्ही चालू केल्यावर प्रत्येकाला किती वॅट मिळतात? एकाच प्लगवर चालणारं यंत्र वीज वाटून देतं, त्यामुळे कुकर चढवला की शेजारचं दूध मंदावतं. ओट्यात बसवायचं चार जागांचं मॉडेल मात्र नवं स्वयंपाकघर करतानाच घ्यावं, कारण त्याला मीटरपासून वेगळी जाड वायर लागते.

दुकानात जाताना पातेलं घेऊन जा

खरंच न्या. दुकानदार हसेल, आमचाही हसला होता. “ताई, सगळी भांडी चालतात यावर,” असं म्हणाला आणि आमच्या टोपावर त्याचं यंत्र टुंटुं करायला लागलं.

पहिली परीक्षा मंद आचेची. जाहिरातीत जास्तीत जास्त वॅट सांगतात, पण रोजचा त्रास कमीत कमी वॅटला असतो. पातेल्यात पाणी घालून उकळी आणा आणि मग आच सगळ्यात खाली न्या. बऱ्याच स्वस्त यंत्रांत मंद आच म्हणजे हजारेक वॅटची आच थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. पाणी खळखळतं, मेल्यासारखं शांत होतं, परत खळखळतं. सेकंद मोजा. आठ-दहा सेकंद मधे काहीच होत नसेल, तर त्यावर बासुंदी आटवताना ती एकदा वर येणार, एकदा बसणार आणि तळाला लागणार. चांगल्या यंत्रात पाणी संथपणे, सलग हलत राहतं. माझ्या मते इंडक्शनच्या किमतीतला खरा फरक इथे असतो. डोसा, इडली, खिचडी अशी चित्रं असलेल्या बटणांत नसतो. ती बटणं म्हणजे ठरावीक वॅट आणि ठरावीक वेळ. महिन्याभरात त्यांना कुणी हात लावत नाही.

दुसरी परीक्षा वेटोळ्याच्या आकाराची. रुंद, सपाट भांड्यात बोटाच्या नखाएवढं पाणी घाला आणि आच मोठी करा. बुडबुडे जिथे उठतात तेवढंच खालचं वेटोळं. काचेवर काढलेलं वर्तुळ मोठं असलं तरी बुडबुडे मधल्या बशीएवढ्या जागेतच दिसले, तर पोळी मध्ये करपणार आणि कडेला पांढरी राहणार.

तिसरी वेगाची. १ लिटर पाणी २००० वॅटवर साडेतीन-चार मिनिटांत उकळायला हवं. सहा मिनिटं लागली तर लिहिलेले वॅट कागदावरच आहेत किंवा तुमचं भांडं नीट धरत नाही. दुसऱ्या भांड्यानं ताडून बघा.

ऑनलाइन मागवलंत तर हेच तिन्ही प्रयोग परत करण्याची मुदत संपायच्या आत घरी करा.

बटणांचं म्हणाल, तर स्पर्शाचं पॅनल दिसायला देखणं असतं, पण ओल्या बोटांना दाद देत नाही आणि दूध सांडलं की स्वतःच किंचाळायला लागतं. दाबायची बटणं काही वर्षांनी मऊ पडतात. फिरवायची मूठ मिळाली तर मी तीच घेईन. आईला चष्म्याशिवायही ती वापरता येते.

स्वस्त पडेल का?

हे गणित स्वतःच करा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, त्यात साधारण १८० युनिटांएवढी ऊर्जा. गॅसच्या शेगडीवर त्यातली बरीच भांड्याच्या कडेनं निसटते, इंडक्शनवर फार थोडी. ते धरून एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर १३० ते १४५ युनिटांत होतं. म्हणून सिलिंडरच्या किमतीला १४० नं भागा. समजा सिलिंडर ९०० रुपयांना पडला, तर उत्तर येतं सुमारे ६ रुपये ४० पैसे. तुमचं युनिट याहून स्वस्त असेल तर इंडक्शन परवडतं.

युनिटचा दर काढताना मात्र बहुतेक जण चुकतात. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. इंडक्शनची युनिटं तुमच्या आजच्या वापराच्या डोक्यावर चढतात, म्हणून तुम्ही सध्या ज्या टप्प्यात आहात तिथला किंवा त्याच्या वरचा दर धरायचा. त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा दर युनिटमागचा खर्च) मिळवायचा, इंधन समायोजन (इंधनाच्या वाढलेल्या खर्चापोटी लावलेली रक्कम) असेल तर तेही, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. आमच्याकडे महिन्याला दोनशेच्या आसपास युनिटं जातात. हिशेब गॅसच्या बाजूनं लागला. तरी इंडक्शन ठेवलं, कारण एप्रिलमध्ये ओट्यापाशी उभं राहवतं आणि आईनं चहा ठेवून विसरला तर ते आपोआप बंद होतं. छतावर सौर पॅनल असेल तर सगळं गणितच उलटतं. दुपारचा स्वयंपाक बिनधास्त यावर करा.

पैसे देण्याआधी

दुरुस्ती केंद्र तुमच्या गावात किंवा तालुक्याला आहे का ते विचारा. इंडक्शन बिघडतं तेव्हा बहुधा आतली सर्किटची पाटी जाते, आणि ती कोपऱ्यावरच्या मिक्सरवाल्याकडे मिळेलच असं नाही. काच फुटणं हमीत बसतं का, तेही विचारून घ्या. सहसा बसत नाही. तुमच्याकडे विजेचा दाब वरखाली होत असेल, तर खोक्यावर किती ते किती व्होल्ट चालतात हे वाचा. आयएसआय खूण बघा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. चालू इंडक्शनपासून दोन फूट लांब राहण्याचा सल्ला सहसा दिला जातो.

घरी आणलं की भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, कारण मागच्या जाळीतून त्याला हवा लागते. त्याच जाळीतून झुरळंही जातात, आत ऊब असते म्हणून. रात्री ते ओट्यावर न ठेवता कोरड्या पिशवीत घालून उभं ठेवलं तर आतली पाटी जास्त दिवस टिकते. पण लगेच नाही. स्वयंपाक झाल्यावर आतला पंखा काही वेळ घरघरत राहतो, तो थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही.