टॉन्सिलपासून सुरुवात करा: की-६७ शिकणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. करून मी पॅथॉलॉजीच्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री विभागात, म्हणजे अँटीबॉडीच्या मदतीनं ऊतकातली प्रथिनं रंगवून दाखवतात तिथे, रुजू झाले, तेव्हा पहिला आठवडाभर गाठीची एकही स्लाइड बघायला मिळाली नाही. विभागातल्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञांना आम्ही काका म्हणायचो. त्यांनी टॉन्सिलची एक स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि म्हणाले, "आधी ही पाठ कर."

मला ते अजिबात आवडलं नव्हतं. कॅन्सर शिकायला आले आणि हातात टॉन्सिल! पण पेशींची वाढ दाखवणारं की-६७ हे प्रथिन खरं समजलं ते तिथेच. ते ज्या केंद्रकांत असतं ती या रंगात तपकिरी दिसतात, बाकीची निळी. टॉन्सिलमधले गोल पुंजके, म्हणजे जर्मिनल सेंटर, गच्च तपकिरी दिसतात, कारण तिथे पेशी वेगानं वाढत असतात. भोवतीच्या कड्यात तपकिरी केंद्रकं तुरळक. वरच्या आवरणात तळालगत तपकिरी ओळ आणि पृष्ठभागाकडे सगळं निळं. पेशंटच्या स्लाइडसोबत रंगवलेल्या टॉन्सिलवर ज्या दिवशी हे चित्र असं उमटत नाही, त्या दिवशी पेशंटच्या स्लाइड कितीही सुंदर दिसोत, रिपोर्ट द्यायचा नाही.

की-६७ हे केंद्रकातलं प्रथिन आहे. पेशी विभाजनाच्या चक्रात असते तोवर ते सापडतं. पेशी चक्राबाहेर पडून विसावली की दिसेनासं होतं. म्हणून शंभर ट्यूमर पेशींपैकी किती जणींची केंद्रकं तपकिरी, यावरून गाठ किती जोमानं वाढते आहे त्याचा अंदाज येतो. नाव जर्मनीतल्या कील शहरावरून पडलं. १९८३ मध्ये योहानेस गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन ओळखणारी अँटीबॉडी तिथे शोधली. ६७ हा प्रयोगाच्या प्लेटमधल्या, ती अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या क्लोनचा क्रमांक. ती पहिली अँटीबॉडी गोठवलेल्या ऊतींवरच चालायची. पुढे एमआयबी-१ ही नवी अँटीबॉडी आली, बफरमध्ये स्लाइड उकळण्याची युक्ती सापडली, आणि ऊतक टिकवणाऱ्या फॉर्मलिननं जखडलेली प्रथिनं पॅराफिनच्या (मेणाच्या) ब्लॉकमधूनही दिसू लागली. विभाजनाच्या वेळी हे प्रथिन गुणसूत्रांवर साबणासारखा थर देऊन त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही, हे मात्र २०१६ मध्ये कळलं. तेहतीस वर्षं आपण ज्याची मोजदाद करत होतो त्याचं हे काम वाचून मी फार हरखले होते.

आता माझी चूक सांगते, कारण तुमच्याही हातून ती होणार आहे. स्वादुपिंडाच्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरची, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या गाठीची, स्लाइड होती. मी चार टक्के मोजले, आमच्या सिनियर मॅडमनी दोन. फरक किरकोळ वाटेल, पण या गाठींत तीन टक्क्यांच्या खाली पहिली ग्रेड आणि तीन ते वीसमध्ये दुसरी. माझ्या आकड्यानं त्या माणसाची ग्रेडच बदलली असती. मॅडमनी त्या भागाचा फोटो छापून आणला, पेन दिलं आणि प्रत्येक केंद्रकावर खूण करायला लावली. गाठीत शिरलेले लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मी ट्यूमर पेशी समजून मोजले होते! लहान, गोल, दाट केंद्रक आणि भोवती पेशीद्रव जवळजवळ नाहीच, ही त्यांची ओळख. रक्तवाहिन्यांच्या अस्तराची लांबट केंद्रकंही अशीच फसवतात. शंका आली की शेजारी एच अँड ई, म्हणजे नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाची, स्लाइड ठेवून बघा.

अशीच रंगवून बघतात त्या पी-५३ या दुसऱ्या प्रथिनाचा सापळा वेगळा आहे. हे प्रथिन स्वतः जनुकांना चालू-बंद करतं. पेशीच्या डीएनएला इजा झाली की विभाजन थांबवणारी जनुकं जागी करतं. निरोगी पेशीत ते झटपट नष्ट होतं, त्यामुळे रंग फिका आणि विखुरलेला. जनुकात बिघाड झाला की बहुतेकदा ते साचतं आणि जवळजवळ सगळी केंद्रकं गडद होतात. पण काही बिघाडांत प्रथिन तयारच होत नाही. ट्यूमर पूर्ण निळा आणि शेजारच्या साध्या पेशींत मात्र फिका तपकिरी रंग, असं दिसलं तर नवखा माणूस 'निगेटिव्ह, म्हणजे नॉर्मल' लिहून मोकळा होतो. ते नॉर्मल नव्हे. आणि शेजारच्या पेशीही कोऱ्या असतील तर रंगच चढलेला नाही. स्लाइड पुन्हा करा.

फॉर्मलिनचं सगळे सांगतात, तरी ऐका: स्तनाच्या नमुन्यासाठी सहा ते बहात्तर तास, आणि ऊतक काढल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये. आमच्याकडे एकदा बाहेरून आलेला मोठा तुकडा न कापताच बुडवलेला होता. कडेला छान रंग, मधोमध काहीच नाही. तेव्हापासून मी मायक्रोस्कोपला डोळा लावण्याआधी फॉर्मवरची वेळ वाचते.

कामाला डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) किंवा लाइफ सायन्सची पदवी पुरते, पुढे पीएच.डी. करायची तर खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी प्रवेश परीक्षा असते. पण पहिल्या महिन्यात एवढं करा. रिपोर्ट होऊन गेलेली स्तनाच्या कॅन्सरची स्लाइड मागून घ्या, किमान पाचशे ट्यूमर केंद्रकं मोजा, आकडा वहीत लिहून झाकून ठेवा. आठ दिवसांनी तीच स्लाइड पुन्हा मोजा. आकडा पाच टक्क्यांच्या आत किंवा तीसच्या वर असेल तर दोन्ही आकडे बहुधा एकच गोष्ट सांगतील. मधल्या पट्ट्यात तज्ज्ञांचेही आकडे जुळत नाहीत, तेव्हा खचू नका. फरक पडलाच तर तिसऱ्यांदा मोजायला बसू नका; ज्या केंद्रकांवर अडलात ती आधी सिनियरना दाखवा.