फिटच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेत माझं औषधाचं दुकान आहे. फिटच्या गोळ्या दर महिन्याला नेणारी घरं ओळखीची झाली आहेत, आणि तिथे त्याच त्या चुका पाहून जीव तुटतो.

सगळ्यात घातक म्हणजे आपल्या मनाने डोस वाढवणं. फेनिटॉइन हे १९३८ पासून वापरातलं औषध. स्वस्त आहे, गुणही देतं. पण एका मर्यादेपुढे शरीराला ते भराभर निकामी करता येत नाही. मग गोळी थोडीशी वाढली तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढतं. एका काकूंच्या मुलाला रोज ३०० मिलिग्रॅम चालू होतं. मध्येच एक फिट आली, म्हणून काकूंनी १०० ची आणखी एक गोळी सुरू केली. दोन आठवड्यांत पोरगा भिंत धरून चालू लागला, त्याला एकाचे दोन दिसू लागले. शेजारी म्हणाले, दारू प्यायला लागला. काकू माझ्याकडे ताकदीचं टॉनिक मागायला आल्या. म्हटलं, "काकू, टॉनिक राहू द्या, आजच त्याला डॉक्टरांकडे न्या." तपासणीत रक्तातल्या औषधाचा आकडा १० ते २० च्या जागी ३८ निघाला! डॉक्टरांनी डोस उतरवल्यावर तो हळूहळू सरळ चालू लागला. तेव्हापासून फेनिटॉइनचा डोस बदललेला दिसला की नवी चिठ्ठी पाहिल्याशिवाय मी स्ट्रिप देत नाही.

याच्या उलट, हिरड्या सुजल्या किंवा केस गळले म्हणून गोळी एकदम बंद करणारे. त्याने फिटवर फिट येऊ शकते, आणि पाच मिनिटांत न थांबणारी फिट जिवावर बेतते. व्हॅल्प्रोएट हे फिटचं दुसरं औषध घेणाऱ्या मुलींनी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. या औषधावर असलेल्या आयांच्या शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात दोष आढळतो. पण घाबरून स्वतःहून गोळी सोडू नये.

लॅमोट्रिजिन हेही फिटचंच औषध, ते कित्येक आठवडे घेऊन थोडं थोडंच वाढवतात. "एवढ्याशा गोळीने काय होणार?" म्हणत घाई करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण घाईने अंगावर धोकादायक पुरळ उठण्याची भीती वाढते. पहिल्या दोन महिन्यांत पुरळ दिसलं तर 'उष्णता झाली' म्हणून कॅलामाइन लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंडात फोड किंवा ताप असेल तर थेट हॉस्पिटल. मी नवं औषध सुरू झाल्याची तारीख स्ट्रिपवरच पेनाने लिहून देतो.

लेव्हेटिरॅसिटॅम हे फिटचं औषध सुरू झाल्यावर मूल चिडचिडं झालं तर त्याला रागावू नका, डॉक्टरांना सांगा.

एकादशीलाही गोळी घ्यायचीच. आणि सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, उशिरापर्यंत खायला जाणार असाल तर रात्रीची गोळी खिशात असू द्या. जागरण झालं, गोळीही चुकली, की सकाळी फिट येते आणि लोक म्हणतात औषध लागू पडत नाही.