कोणता तंतू पाणी कसे धरतो, हे घरीच तपासण्याची रीत

आहारातील तंतूंविषयी (म्हणजे फायबरविषयी) बोलताना किती चमचे घ्यावेत हे सगळेच विचारतात. घेतलेला तंतू पाणी कसे धरतो, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि घामावाटे बरेच पाणी निघून जाते, तेव्हा हा फरक माहीत असलेला बरा.

तीन पेल्यांत प्रत्येकी 150 मिलिलिटर पाणी घ्यावे. एकात चमचाभर इसबगोल, दुसऱ्यात कणीक चाळून उरलेला जाडसर कोंडा आणि तिसऱ्यात अख्खे जवस घालून ढवळावे, अर्धा तास ठेवावे आणि मग प्रत्येक मिश्रण पातळ सुती कापडातून गाळून हलकेच पिळावे.

कोंड्याने धरलेले बरेचसे पाणी पिळताच बाहेर येते, कारण ते पेशीभित्तिकांमधल्या पोकळ्यांत नुसते साठलेले असते. कोंडा मिक्सरमधून बारीक केला, तर त्या पोकळ्या मोडतात आणि पाणी धरण्याची क्षमता घटते. म्हणून तो जाडसरच वापरावा. जवसाच्या सालीतून चिकट द्रव सुटून पाणी दाटसर होते. इसबगोलातील शर्करा-रेणूंच्या लांब, फांद्या फुटलेल्या साखळ्या मात्र पाण्यात फुगून एकमेकींत गुंततात, त्यामुळे जो लगदा तयार होतो तो पिळला तरी पाणी सहजी सोडत नाही.

पेल्यात दिसते तेच पोटात घडेल, असे मात्र समजू नये. संत्र्याच्या पांढऱ्या सालीतील पेक्टिन नावाचे तंतूद्रव्यही पाणी धरते, परंतु मोठ्या आतड्यातील जिवाणू ते पचवून टाकतात आणि त्यासोबत त्याची पाणी धरण्याची ताकदही संपते. इसबगोल या जिवाणूंना फारशी दाद देत नाही, म्हणून त्याचे पाणी शेवटपर्यंत टिकते आणि शौच मऊ राहते. संत्र्याची पांढरी साल खरवडून टाकू नये, हे माझे मत तरीही कायम आहे. जिवाणूंचे ते चांगले खाद्य आहे.

इसबगोल कधीही कोरडे गिळू नये, कारण ते घशातच फुगू शकते. चमचाभर इसबगोल पेलाभर, म्हणजे सुमारे 250 मिलिलिटर पाण्यात ढवळून घट्ट होण्याआधीच प्यावे आणि रात्री घेतल्यास लगेच आडवे होऊ नये. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. ज्यांना गिळताना त्रास होतो किंवा ज्यांचे आतडे अरुंद झालेले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.