फुएर्तेव्हेंतुराच्या प्राणीबागेत आधी निवडुंग बघा

स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी फुएर्तेव्हेंतुरावर जाणार असाल, तर ला लाहिता गावच्या ओएसिस उद्यानात दार उघडताच पोहोचा. बहुतेक जण थेट जिराफ आणि उंटांकडे धावतात. तुम्ही मात्र आधी वनस्पतींची बाग उरका, कारण तिथे सावली कमी आणि दुपारचं ऊन कडक. कार्दोन नावाचं उंच, चौकोनी खोडांचं झुडूप नक्की शोधा. दिसतं कॅक्टससारखं, पण खरा कॅक्टस नाही; ते आपल्या तिधारी निवडुंगाचं, म्हणजे चीक असलेल्या युफोर्बिया गटातलं भावंड. जवळून पाहा, काटे जोडीजोडीने असतात. याचा पांढरा चीक डोळ्यांना फार घातक, म्हणून मुलांना हात लावू देऊ नका. वाराही जोराचा असतो, टोपी दोरीचीच घ्या.